तक्त्यातले शेवटचे नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. आमच्या कंपनीकडून आम्ही तिघे गेलो. पुण्याहून आलेला शिकवणारा मुलगा हुशार होता, आणि जे शिकवत होता त्यावर त्याचा मनापासून विश्वास होता. पहिल्याच सत्रात त्याने पडद्यावर एक वाक्य दाखवले : ‘कंपनीचे पहिले कर्तव्य भागधारकांचे मूल्य वाढवणे.’ सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. मग चहाच्या आधी हात वर केला. म्हटले, “सर, आमच्या कंपनीत भागधारक तोच आणि सोयाबीन आणून टाकणाराही तोच. त्याला क्विंटलमागे शंभर रुपये कमी दिले, तर कंपनीचा नफा वाढतो. मग मूल्य वाढले कोणाचे आणि खिशातून गेले कोणाच्या?” तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “काका, याचा मला विचार करावा लागेल.” त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण हा विचार त्याच्या एकट्यावर सोडून भागणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लांबले तर माफ करा, पण शक्यतो कापू नका.

मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव म्हणून पस्तीस वर्षे काम केले. चार गावांच्या सोसायट्या, आधी सायकलवर, नंतर मोपेडवर. २०१६ साली निवृत्त झालो. गावात सात एकर कोरडवाहू वावर आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन. कंपनी निघाली तेव्हा हिशेब कळणारा माणूस पाहिजे म्हणून गावाने मला संचालक केले. हिशेब मला कळत होता. हिशेबात कोणता रकाना ठेवायचा आणि कोणता नाही हे ठरवणारा विचार कुठून येतो, ते मात्र फार उशिरा कळू लागले.

आमच्या कंपनीत घडलेली गोष्ट आधी सांगतो.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते. कंपनीने ठरवले की सभासदांचा माल गावागावांतून गोळा करून थेट तेलाच्या प्लांटला द्यायचा. अडत वाचेल, हमाली वाचेल, चार पैसे सभासदाला जास्त देता येतील. कायद्याने आमच्यासारख्या कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी ठेवावा लागतो. आमचा अधिकारी शेजारच्या तालुक्यातला, कृषी-व्यवसायाचे व्यवस्थापन शिकलेला, राबणारा मुलगा. त्याच्या पगाराचा एक भाग आम्ही उलाढालीशी बांधला. त्या ठरावावर माझी सही आहे. त्याने तोच नियम खाली नेला : गावच्या संकलन केंद्रावर बसणाऱ्याला क्विंटलमागे कमिशन. आणि गोदामाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. नऊ केंद्रांची नावे, समोर क्विंटल, वरच्यांना हिरवा रंग, मधल्यांना पिवळा, खालच्यांना लाल. महिनाअखेरीस जो सगळ्यात खाली राहील त्याचे केंद्र बंद.

सगळ्यात खाली नाव होते कोलाम पोडावरच्या ताईंचे. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, तीसेक घरे, गोट्याची जमीन, कोणाची दोन एकर, कोणाची तीन. पहिल्या पंधरवड्यात त्यांचे एकोणीस कट्टे, म्हणजे पोती, आले. वरच्या केंद्राचे चारशेच्या पुढे गेले होते.

केंद्र बंद होणार हे सांगायला अधिकारी निघाला, तेव्हा मी त्याच्यासोबत गेलो. ताई अंगणात ताडपत्रीवर बसल्या होत्या. एक जण बंडीतून पाच कट्टे घेऊन आला होता. त्यांनी प्रत्येक कट्ट्याच्या तळातून मूठभर दाणे काढले, वरून नाही, आणि एक-एक दाणा दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्ट् असा वाजून फुटतो. ओला असला की दाताखाली दबतो, फुटत नाही. दोन कट्ट्यांतला दबला. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे दोन घरी न्या. दोन उन्हं दाखवा अन् मंग आना.” तो चिडला. “तिकडं तर कोनी काही पाहत नाही,” म्हणाला आणि पाचही कट्टे बंडीत टाकून निघून गेला. तिकडे म्हणजे वरच्या केंद्राकडे. त्या दिवशी तक्त्यात त्यांच्यासमोर शून्य लागले आणि त्याचे पाच कट्टे हिरव्या रंगात गेले.

त्यांच्याकडे एक शाळकरी वही होती. मुलगा आठवीत, तो लिहायचा. नाव, कट्टे, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर : ‘क’ किंवा ‘द’. कट्ट् वाजला की क, दबला की द. कट्ट्यावर कोळशाने स्वतःची खूण करायच्या. कंपनीने हे त्यांना शिकवले नव्हते, सांगितलेही नव्हते. मी वही चाळली, ठीक आहे म्हणालो आणि गप्प बसलो. केंद्र बंद झाले.

त्यानंतर आठव्या दिवशी रात्री दोन वाजता ड्रायव्हरचा फोन आला. प्लांटच्या गेटवर मॉइश्चर मीटरने ओलावा १४.६ टक्के दाखवला होता. करार १२ टक्क्यांचा. पहाटे मी आणि अधिकारी तिथे पोहोचलो. अर्धा माल कपात करून घेतला, उरलेला परत पाठवला. परत आलेल्या एका कट्ट्यात मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब लागत होती. ज्यांनी ओले धान्य साठवलेले पाहिले आहे त्यांना ही ऊब ठाऊक आहे. तिच्या मागोमाग बुरशी येते. परत आलेल्या कट्ट्यांत कोळशाची खूण असलेला एकही नव्हता.

त्या अधिकारी मुलाला दोष देऊन मला मोकळे होता येत नाही. आम्ही ज्याला पैसे देऊ केले, तेच त्याने केले. ‘माणूस कमिशनसाठी काम करतो, म्हणून कमिशन लावा; मोजता येईल ते मोजा; खालच्याला काढा’ हे त्याला कोणीतरी शिकवले होते, आणि शिकवणाऱ्याला आणखी कोणीतरी. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्याने मी दोन महिने घरात होतो. धाकटी मुलगी व्यवस्थापन शिकली, तिची पुस्तके लोखंडी पेटीत पडून होती. ती मी एकेक करून वाचली. इंग्रजी सावकाश लागते मला, पण लागते. आमच्या गोदामाच्या भिंतीवरचा तक्ता त्या पुस्तकांत टप्प्याटप्प्याने सापडत गेला.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होऊन गेला. पोलादाच्या कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांचे काम त्याने घड्याळ लावून मोजले. दिवसाला साडेबारा टन उचलणाऱ्या माणसाकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली. १९११ साली त्याने हे शास्त्र म्हणून मांडले आणि जगभरच्या कारखान्यांनी ते उचलले. त्याच्या मागे एक जुना आर्थिक विचार उभा होता : माणूस स्वतःच्या फायद्यासाठी हलतो, म्हणून त्याला हलवायचे तर पैसा दाखवा. बाजार समितीत हमाली करणाऱ्या माझ्या एका ओळखीच्याला मी हे मराठीत सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “भाऊ, त्या मानसाची पाठ किती वर्सं टिकली, ते लिवलं हाय का त्यात?”

पुढे १९२९ ची मंदी आली. बाजार आपोआप सावरतो यावरचा विश्वास उडाला. १९३६ साली केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने सरकारने हात घातला पाहिजे असे मांडले आणि युद्धानंतर बहुतेक देशांनी ते मानले. त्या वातावरणात व्यवस्थापनाचा सूरही बदलला. कंपनी ही समाजातली एक संस्था आहे, तिच्यात माणसे आयुष्य काढतात, त्यांच्याशी बोलून उद्दिष्टे ठरवावीत, असे व्यवस्थापनावर लिहिणारा पीटर ड्रकर १९५४ मध्ये लिहू शकला. मग सत्तरच्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढली, सरकारवरचा विश्वास ढळला आणि वारे पुन्हा फिरले. त्या दशकाच्या तोंडावरच, १९७० साली, मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिले की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणे. त्याच वाक्यात पुढे त्याने खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता, अशी अट घातली आहे. प्रशिक्षणाच्या पडद्यावर ती अट नव्हती. १९७६ साली जेन्सन आणि मेकलिंग या दोघा अभ्यासकांनी मांडले की व्यवस्थापक हा मालकाचा मुनीम आहे आणि त्याचे हित मालकाच्या हिताहून वेगळे असते. त्यावरून सल्ला निघाला : त्याच्यावर नजर ठेवा, त्याचा फायदा मालकाच्या फायद्याशी बांधा. १९८१ पासून वीस वर्षे जनरल इलेक्ट्रिक चालवणाऱ्या जॅक वेल्चने दरवर्षी कामगिरीची उतरंड लावून तळाच्या दहा टक्क्यांना काढण्याची पद्धत गाजवली.

आमचा तक्ता हा त्या उतरंडीचा नातू. आणि ज्यांच्याकडून ही पद्धत आली, त्यांच्यापैकी अनेकांनी ती टाकून दिली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सोडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या १८१ मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी एका निवेदनावर सह्या केल्या, की कंपनी फक्त भागधारकांसाठी नसते. ग्राहक, कामगार, पुरवठादार, गाव या सगळ्यांचे देणे तिच्यावर असते. त्यांच्या संघटनेने, बिझनेस राउंडटेबलने, १९९७ मध्ये नेमके उलटे सांगितले होते. बावीस वर्षांत तत्त्व बदलले. सह्या करणारे वागले किती, हा वेगळा वाद आहे. मला धक्का बसला तो आमच्या प्रशिक्षणात अजून १९९७ चेच वाक्य चालू आहे याचा, आणि ते सिद्धांत म्हणून नव्हे, बेरीज-वजाबाकीसारखे सत्य म्हणून शिकवले जाते याचा.

माझ्या स्वतःच्या नोकरीतही मी असे दोन विचार अंगावरून जाताना पाहिले, तेव्हा त्यांची नावे मला माहीत नव्हती इतकेच. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ ला सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तोंडी द्यायचे नाही, सरकार सगळा कापूस घेईल, हा विचार होता आणि त्या विचारात माया होती, हे मी आजही म्हणतो. बाप बंडी घेऊन जायचा तेव्हा भाव आधी माहीत असायचा. पण माल घेणाऱ्याला विकण्याची घाई नव्हती. रांगेत दोन-दोन रात्री बंडीखाली झोपायचे, बैलांचा कडबा सोबत न्यायचा, आणि चुकाऱ्याची वाट महिनोन्‌महिने पाहायची. नोंद बरोबर आहे ना, शिक्का बसला ना, एवढेच त्या व्यवस्थापनात काम होते. बंडीखाली झोपलेल्या माणसाचा रकाना त्या रजिस्टरातही नव्हता.

नंतर १९९१ चे आर्थिक उदारीकरण आले. त्या दशकात ‘एनपीए’, म्हणजे थकलेले कर्ज, हा शब्द आमच्या सोसायटीच्या ओट्यापर्यंत पोहोचला. वसुलीची टक्केवारी हाच गटसचिवाच्या लायकीचा आकडा झाला. ३१ मार्चला टक्केवारी दिसली पाहिजे. मग सुरू झाले ‘नवे-जुने’. ज्यांना सोसायटीचा व्यवहार माहीत आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याकडे भरायला पैसे नसतात. तो सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीत जुने कर्ज भरतो, लगेच नवे कर्ज मंजूर होते, ते उचलून सावकाराला परत करतो. चार दिवसांचे व्याज सावकाराचे. कागदावर वसुली पूर्ण, घरात दमडी आलेली नाही, आणि खरिपाच्या बियाण्याला पुन्हा तोच सावकार. मी हे किती जणांना करायला लावले, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. एका मार्च अखेरीला एका शेतकऱ्याची बायको माझ्यासमोर गळ्यातली पोत काढून सोनाराकडे गेली, आणि मी रजिस्टर उघडे ठेवून तिची वाट पाहत बसलो. त्या वर्षी माझ्या गटाची टक्केवारी चांगली लागली. वरच्या साहेबांनी भर सभेत नाव घेतले.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले. त्याचा मथितार्थ असा की एखाद्या आकड्यावरून कारभार हाकायला लागले की तो आकडा खरे सांगेनासा होतो. मला हे वाचताना ती पोत आठवली.

आता मुद्द्याचे. सुमंत्र घोषाल हे मूळचे कोलकात्याचे, लंडनला व्यवस्थापन शिकवायचे. २००४ मध्ये गेले. २००५ मध्ये, ते गेल्यावर, त्यांचा एक लेख छापून आला. त्यात त्यांनी स्वतःच्याच विद्येला जाब विचारला आहे. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगतो. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे लोकांनी हजार वर्षे मानले, म्हणून सूर्य काही फिरू लागला नाही. पण माणसाबद्दलचा सिद्धांत तसा नसतो. माणूस लबाडच असतो असे धरून त्याच्यावर पहारे आणि आमिषे लावली, की तो हळूहळू तसाच वागू लागतो, आणि मग सिद्धांत खरा ठरल्यासारखा दिसतो. वरच्या केंद्रावरचा आमचा माणूस जन्माचा लबाड नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याच्या ओसरीवर शेजाऱ्याचा माल वर्षानुवर्षे विश्वासावर पडून राहिलेला आहे. क्विंटलमागे कमिशन लावल्यावर त्याने एका महिन्यात दाणा दाताखाली धरणे सोडले. आम्ही त्याला शिकवले तसे.

म्हणून मी म्हणतो की हा विषय शहरातल्या मोठ्या कंपन्यांपुरता नाही. २०२० पासून केंद्र सरकारच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत प्रत्येकीला तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत मदत मिळते. आमच्या जिल्ह्यात गावोगावी अशा कंपन्या निघाल्या आहेत, त्यातल्या किती तरी महिलांच्या आहेत. त्यांच्या संचालकांना जो माणूस पहिल्यांदा ‘व्यवस्थापन’ या शब्दाची ओळख करून देईल, त्याच्या डोक्यातला आर्थिक विचार पुढची वीस वर्षे त्या गोदामात राहणार आहे.

आणि गंमत म्हणून नाही, दुःखाने सांगतो, की आमच्या कंपनीचा कायदाच वेगळ्या विचारावर उभा आहे. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी मिळून एक दुकान काढले. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या. नफा भागभांडवलावर न वाटता, ज्याने दुकानातून जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा, हा त्यांचा नियम. शेअर किती का असेनात, मत एकच. २००२ साली आपल्या कंपनी कायद्यात दुरुस्ती करून उत्पादक कंपनी आणली गेली, अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीने ती सुचवली होती, आणि तिच्यात हीच तत्त्वे आहेत : एका सभासदाला एक मत, शेअरवर मर्यादित परतावा, आणि उरलेल्या नफ्यातून ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनस. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात या बोनसला सात-आठ मिनिटे मिळाली. कंपनी नोंदवण्याचे फॉर्म, जीएसटी आणि बँकेपुढे मांडायचा प्रकल्प अहवाल यांना दीड दिवस. तेही लागतेच, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या तीनशे सभासदांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हजार रुपयांचा शेअर घेणारा आणि दहा हजारांचा घेणारा सभेत सारखाच?

वेगळा विचार बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी गेलो होतो. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारे हे गोंडांचे गाव. २००९ साली त्यांना वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचे जरी पटले नाही तरी थांबतात. मी गेलो त्या दिवशी ग्रामसभा चालू होती. एक म्हातारी बाई बराच वेळ बोलत होती, मला गोंडी कळत नव्हती, पण कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. मी मनात म्हटले, असे कामकाज आमच्या सोसायटीत केले असते तर वर्षभरात एक ठरावही झाला नसता. आज मला तो विचार घाईचा वाटतो. आमचा कमिशनचा ठराव चार मिनिटांत झाला होता.

त्याच २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी जगभरच्या चराया, पाटबंधारे, मासेमारीचे किनारे आणि जंगले यांचा अभ्यास करून दाखवले की सामायिक गोष्ट राखायला प्रत्येक वेळी सरकारी पहारा किंवा खासगी मालक लागतोच असे नाही. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर स्वतः लक्ष ठेवले, चुकणाऱ्याला आधी समज आणि मग थोडा-थोडा वाढता दंड असे ठेवले, तर ती टिकते. दाणा दाताखाली धरणाऱ्या ताई याच पद्धतीने वागत होत्या. “दोन उन्हं दाखवा” ही समजच होती. कट्टे परत न्यायला लावले, पण दारातून कायमचे हाकलले नव्हते.

वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम केले. आमच्या गावाहून एसटीने अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. हा माणूस लंडनला हिशेबतपासणी शिकलेला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, आणि मुंबईतली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून आलेला. हिशेबनीस होता म्हणून मला तो जवळचा वाटतो. पैशाच्या वहीत जे दिसत नाही तेही हिशेबात धरा, हे त्याने आयुष्यभर सांगितले. मधमाशी मध गोळा करते आणि करताना फुलाचे परागीकरणही करते. उद्योग असा असावा, हे त्याचे उदाहरण. संघाच्या त्याच आवारात १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. सहलीला नेलेली मुले तिथे चरखे आणि तेलघाण्या बघून येतात. शेतकरी कंपन्यांच्या संचालकांचे एक सत्र तिथे का होऊ नये? आमच्याच विदर्भाच्या मातीत व्यवस्थापनाचा एवढा विचार झाला आहे आणि आम्ही तो पडद्यावर पुण्याहून मागवतो, याचे मला फार वाईट वाटते.

माझे थोरले मामा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी ती १८७७ मध्ये सुरू केली. कामगारांसाठी पेन्शनचा निधी तिथे १८८६ साली आला, अपघाताची भरपाई १८९५ मध्ये. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ चा. म्हणजे कायद्याच्या आधी, शेअर बाजाराच्या सल्ल्याशिवाय, कोणीतरी ठरवले होते की हाही रकाना वहीत असावा. आज २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. चांगले आहे. आमच्या तालुक्यात त्यातून शाळेला बाकडी आली. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के मिळवताना पुरवठादाराशी, मजुराशी कसे वागलात, हा प्रश्न त्या बाकड्यांखाली झाकला जाऊ नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या मी आपल्या वृत्तपत्रातून प्रशिक्षण देणाऱ्या सर्व संस्थांपुढे ठेवतो. उत्पादक कंपनीच्या संचालकांना पहिल्या दिवशी सकाळी, नोंदणीच्या फॉर्मच्या आधी, एक मत आणि मालाच्या प्रमाणात बोनस ही दोन तत्त्वे शिकवा, तीही मराठीत आणि त्यांच्याच मालाचा हिशेब मांडून. भागधारकांच्या मूल्याचा सिद्धांतही शिकवा, पण तो कोणी, कोणत्या साली, कशासाठी मांडला आणि पुढे कोणी सोडला, हेही सांगा. अधिकाऱ्याच्या पगाराचा ठराव चार मिनिटांत होऊ देऊ नका.

आमच्या कंपनीपुरते मी हे केले आहे : पगार उलाढालीशी जोडणारा ठराव मागे घ्यावा आणि केंद्राला पैसे क्विंटलऐवजी गेटवर पास झालेल्या मालावर द्यावेत, असा प्रस्ताव लेखी दिला आहे. पोडावरचे केंद्र पुन्हा सुरू करावे, असाही. अधिकाऱ्याने तो वाचून मला विचारले, “काका, पास झालेल्या मालाला पैसे दिले तरी तेही आमिषच झाले ना?” बरोबर विचारले. याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून मी म्हटले, तक्ता कोणी आणि कशावर लावायचा, हे केंद्रावर बसणाऱ्या नऊ जणांनाच ठरवू देऊ. त्याने तक्ता उतरवला. भिंतीवर चार खिळे अजून आहेत.

वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात समाजमंदिरात आहे. ताईंना निरोप द्यायला मी परवा पोडावर गेलो होतो. आधी त्या यायला तयार नव्हत्या. “मी का बोलू साहेबायसमोर?” म्हणाल्या. मी म्हटले, बोलू नका, वही आणा. मुलगा आता दहावीत आहे. त्याने आत जाऊन वही आणली. कंपनीने केंद्र बंद केल्यावरही त्यांनी ती चालू ठेवली आहे, पोडातले लोक माल कुठेही विकोत, आधी दाणा त्यांना दाखवून जातात. शेवटच्या पानावर शाई ताजी होती. क, क, द, क.

कळावे,
आपला,
एक निवृत्त गटसचिव
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

(कंपनी ओळखू येऊ नये, म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)